तुंबलेल्या नेटवर्कचा शोध

पुण्यातल्या एका कंपनीचे आभासी संगणक मी तंजावरला घरी बसून राखते. एका मोठ्या यंत्राच्या पोटात असे वीस-पंचवीस संगणक चालतात, जे हाताला लागत नाहीत. त्यांच्यातून किती माहिती ये-जा करते याचा आलेख पाहणं हे माझं काम. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी बोलतो, पण मी तमिळ शाळेत शिकले, त्यामुळे देवनागरी वाचायला तिशीत लागले, तेही पुण्याच्या निरोपांपायी. मी बोलले की तिकडचे साहेब हसायचे. म्हणायचे, "तुमचं मराठी जुन्या दप्तरातलं वाटतं."

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. सकाळी ऑफिसात फायली उघडायला फार वेळ लागतो, नेटवर्क कुठे तुंबतंय ते शोधा.

मी दोन संगणकांमध्ये चाचणी लावली. दर तासाला एकाने दुसऱ्याकडे अर्धं मिनिट जमेल तितकी माहिती ओतायची आणि किती वेग मिळाला ते नोंदवायचं. वेग कमी भरला. नेमका कधी कमी होतो ते कळावं म्हणून चाचणी दर दहा मिनिटांनी केली. तक्रारी वाढल्या. मग दर दोन मिनिटांनी केली, तर ऑफिसचं काम जवळजवळ थांबलंच. मी रंगीत आलेख जोडून अहवाल पाठवला: अज्ञात कारणाने वाहतूक वाढली आहे, माझं बारीक लक्ष आहे. साहेबांनी आभार मानले.

माझ्या वडिलांची, अप्पांची, सारी नोकरी कालव्यावर पाण्याची पातळी मोजण्यात गेली. एका सकाळी कॉफीचा टंबलर घेऊन ते आलेख पाहत माझ्यामागे उभे राहिले.

"हे उंचवटे कसले?"

"माहिती वाहते, ती."

"कोण सोडतो?"

"तेच शोधतेय."

"आणि मोजतेस कशी?"

मी चाचणी समजावून सांगितली. "म्हणजे दर दोन मिनिटांनी तूच सोडतेस," ते म्हणाले. "आम्ही नुसती पाण्यातली पट्टी वाचायचो."

मी लगेच चाचणी बंद केली, तशी आलेखाची रेघ खाली बसली. प्रत्येक संगणक आपली ये-जा आपणच लिहून ठेवतो. त्या नोंदी मी इतक्या दिवसांत उघडल्याच नव्हत्या. उघडल्या तेव्हा मूळ दुखणं दिसलं. फायलींची रोजची राखीव प्रत काढायची वेळ कुणीतरी ऐन सकाळच्या कामात लावून ठेवली होती. ती वेळ बदलली आणि तक्रारी थांबल्या.

मी घडलं तसं सगळं लिहून पाठवलं, माझ्या चाचणीसकट. साहेबांचा फोन आला. "हे वर असं कसं पाठवू?" त्यांनी चाचणीच्या चार ओळी गाळल्या. महिन्याभरात मला प्रशस्तिपत्र आलं: अखंड देखरेखीमुळे दोष दूर झाला.

अप्पांना देवनागरी येत नाही, म्हणून वाचून दाखवलं.

"दोन मिनिटांचं यात नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग जपून ठेव. आमच्या खात्यात असलेच कागद बढतीला उपयोगी पडायचे."