खोली नंबर चौदामधला हिंदुस्थान

या देशाबद्दल सगळ्यात जास्त चुकीची माहिती कोणा एका माणसाकडे असेल, तर ती माझ्या रोह्याच्या दोस्ताकडे आहे, आणि तीही लेखी. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी पेणला मास्तर झालो आणि तो आखातात गेला. तिथे एका कंपनीच्या गोदामात त्याने सव्वीस वर्षं काढली. राहायला कंपनीची खोली, नंबर चौदा. एकावर एक खाटा, आठ माणसं, आणि आठही वेगवेगळ्या राज्यांची. गोदामात आलेला-गेलेला माल रजिस्टरात चढवायचा ही याची नोकरी. हाताला पडलेलं वळण शिफ्ट संपली तरी सुटेना, म्हणून त्याने खोलीतल्या माणसांचंही एक रजिस्टर उघडलं. एका राज्याला एक पान, आणि पानावर चार रकाने: खाणं, आंघोळ, भांडण, घरचा फोन. खोलीत केरळचा एक माणूस होता, त्याच्यावरून अख्खं केरळ. पंजाबचा एक होता, त्याच्यावरून पंजाब. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात, पण तो भात पानात वाढून मोकळा होणारा माणूस मी हा एकच पाहिला.

ती वही त्याने परत आल्यावर माझ्यापुढे ठेवली. "मास्तर, तुझं अक्षर बरं हाय. तू पक्की वही कर. पुढंमागं छापायची हाय." मी वाचायला घेतली आणि जेवायचं विसरलो. केरळ: पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचल्याशिवाय आंघोळ करत नाहीत. पंजाब: फार रडके लोक, घरचा फोन आला की उशी ओली. आंध्र: बहुधा बोलता येत नाही. राजस्थान: भांडायच्या आधी जेवून घेतात. या सगळ्या राज्यांच्या मधोमध एक पान पेणचंही होतं. पेण: माणसं गणपती घडवतात, पाहुण्याला मात्र अर्धा कप चहा. मी भडकलोच. पेणला वेगळं राज्य कोणी केलं, असं विचारलं, तर म्हणाला, "मी केलं. रोह्यापास्नं गाडीत बसावं लागतं ना? मग!" आणि चहाचं काय? "अर्धाच व्हता. मी बघून लिवलाय."

आता कोणताही शहाणा माणूस गुडघे दुखायला लागल्यावर घरी बसतो. याला त्याच सुमाराला आठवलं की गोदामात दरवर्षी मालाची तपासणी व्हायची; वहीत एक आणि रॅकवर दुसरंच, असं चालत नसे. तेव्हा आता एकेका सोबत्याच्या गावी जाऊन वही ताडून बघायची. मी निवृत्त, एकटा, आणि माझं हिंदी शुद्ध, म्हणून मला बरोबर घ्यायचं ठरलं. त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या भाभीला, मी भीतभीत विचारायला गेलो, तर ती सुकट निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "न्या मास्तर, खुशाल न्या. सव्वीस वर्षं नव्हतं तवा घर कसं नीट चाललं व्हतं." आणि निवडलेलं सुकट आमच्याच पिशवीत भरून दिलं.

गाडीत बसला की हा समोरच्याला नाव विचारत नाही, स्टेट विचारतो. विचारून थांबला तर ठीक. हा त्या स्टेटचं पान त्याला तोंडपाठ म्हणून दाखवतो. "तुम लोग भांडण के पहिले खाना खाता, बराबर?" असं त्याने एका भल्या मारवाडी गृहस्थाला विचारलं, तेव्हा त्या गृहस्थाच्या मांडीवर नेमका डबा उघडा होता. पुढचे चार तास मी वरच्या बर्थवर तोंड भिंतीकडे करून झोपेचं सोंग घेतलं. कुठलीही नदी दिसली की तो पुलावरूनच निकाल देतो, "आमच्या रोह्याच्या कुंडलिकेयेवढी नाय." गोदावरीलाही त्याने यातून सोडलं नाही.

तपासणीत मात्र सगळं विपरीतच निघालं. केरळच्या सोबत्याकडे गेलो, तर त्या भल्या माणसाने घरी आल्यापासून पेपरला हात लावला नव्हता. पेपर त्याची बायको वाचत होती आणि हा अंगणात कोंबड्यांवर ओरडत होता. आमच्याने लगेच जुनी ओळ खोडली आणि लिहिलं: केरळ: बायका पेपर वाचतात, पुरुष कोंबड्यांना बोलतात. पंजाबच्या रडक्याने ट्रॅक्टरवरून उडी मारून मला उचललं आणि खाली ठेवायचं विसरला. आंध्रचा मुका दारातून जो बोलायला लागला, तो आम्हाला स्टेशनवर सोडेपर्यंत थांबला नाही. त्याची सून म्हणाली, हे जन्मापासून असेच आहेत. परतीच्या गाडीत मी दोस्ताला म्हटलं, "अरे, तू राज्यं लिहिलीच नाहीस. घर सुटलेली माणसं लिहिलीस." त्याने मांडीवरची वही मिटली. मग म्हणाला, "त्याला रकाना नव्हता, मास्तर."

राहिलं होतं एकच पान. ओरिसाचं. त्यावर चारही रकाने रिकामे, आणि वर तिरकं लिहिलेली एक ओळ: शिळं खातात. दरवर्षी तिकडे जायचं ठरे आणि दरवर्षी याचा गुडघा नेमका तेव्हाच सुजे. शेवटी एकदा रोह्याला, नदीकाठी बसलो असताना, त्याने खरं काय ते सांगितलं. ओरिसाचा सोबती याच्या खालच्या खाटेवर असायचा. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी तोच खाऊन शिफ्टला जायचा. एका सकाळी याने ते भांडं उचललं, "खोलीत घाण चालणार नाय" म्हणून सगळ्यांसमोर भाषण दिलं, आणि भात मोरीत ओतला. तो माणूस एक शब्द बोलला नाही. उपाशी कामावर गेला, आणि पुन्हा कधी त्याने भात भिजवला नाही. "धा वर्षं माज्या खाली झोपला, मास्तर. भांडला असता तर बरं झालं असतं. माफी मागायला पायजे. मेल्यावर कुटं गाठू त्याला?"

म्हणून निघालो. कल्याणपासून हा माफीची तालीम करत होता. "भाई, उस दिन जो हुआ" इथून सुरू होणारं ते भाषण मी दीड दिवसात इतक्यांदा ऐकलं, की अडला असता तर मी पुढचं सांगू शकलो असतो. गावात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सोबती दारात उभाच होता. म्हातारा झालेला, बारीक, लाजरा. हात धरून आत नेलं आणि पानं मांडली. गरम पुऱ्या, गरम भात, डाळ, दोन गोड पदार्थ. तुम्हीही बसा म्हटलं, तर म्हणाला, आमचं झालंय. आमचा दोस्त दोन घास खाऊन भाषणाच्या तयारीने हात धुवायला मागे गेला तो परत येईना, म्हणून मीही उठलो.

मागच्या अंगणात, चुलीच्या आडोशाला, सोबती आणि त्याची बायको जेवायला बसली होती. भांड्यात पाण्यातला भात, कांदा, मिरची आणि भाजलेली सुकी मासळी. दारात थांबलेल्या दोस्ताकडे नजर जाताच त्या म्हाताऱ्याने भांडं पदराआड लपवावं तसं पाठीमागे सरकवलं. स्वतःच्या अंगणात, स्वतःचं अन्न. मला तिथे उभं राहवेना. आणि आमचा दोस्त, ज्याने गोदावरीला सोडलं नाही, त्याच्या तोंडून त्या पाठ भाषणातला एक शब्द फुटला नाही. तो गुडघे धरत धरत कसाबसा जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मेरे को दो."

"तुमको नहीं चलेगा, भाई. कल का है."

"चलेगा."

त्याने दोन वाट्या खाल्ल्या, भातातलं पाणीसुद्धा प्यायला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मिरची तिखट होती असं तो अजून सांगतो. खाऊन झाल्यावर सोबती हळूच म्हणाला, "भाई, तुम सबका लिखता था. मैं नीचे से देखता था. लिखा, पर पूछा कभी नहीं."

मग दोस्ताने विचारलं, "इसको क्या बोलता? कैसा बनाता?" आणि तो दहा वर्षं गप्प असलेला माणूस सांगायला लागला. तांदूळ कुठला, पाणी किती, दही कधी घालायचं, उन्हाळ्यात त्याची आई माठ कुठे ठेवायची. तासभर सांगत होता. दोस्ताच्या खिशाला पेन होतं. मला वाटलं, आता काढेल, मग काढेल. त्याने काढलं नाही. आत पुऱ्या गार होत होत्या, त्या मी संपवल्या. कोणीतरी संपवायला हव्याच होत्या.

परत आल्यावर त्याने वही उघडलेली नाही. छापायचं नावही काढत नाही, आणि माझी पक्की प्रत अर्ध्यावर पडली आहे. खरं सांगायचं तर मला याचा रागच येतो. त्या वहीतला शब्दन्‌शब्द खोटा होता, पण इतकं हसवणारं दुसरं काही माझ्या घरात नाही. छातीठोकपणे चुकणारा तो जुना दोस्त मला आवडायचा, आणि आता तो सापडत नाही.

गेल्या महिन्यात दुपारच्या गाडीने पेणला आला. खुर्चीत बसला आणि नेहमीसारखा कुठल्या तरी राज्याचा निकाल लावील म्हणून मी वाट बघत राहिलो. तो म्हणाला, "मास्तर, वैनी गेल्या तवा मी तिकडं व्हतो. फोनवर तू नुसता 'गेली' म्हनलास. कसं झालं रं? मी कधी इचारलंच नाय."

माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली. आता हे कोणी विचारत नाही. मी म्हटलं, जाऊ दे, जुनी गोष्ट. तो नुसता माझ्याकडे बघत बसला. मग मी सांगायला लागलो. दवाखान्यातलं सांगितलं, त्याच्याही आधीचं सांगितलं. त्याची रोह्याची गाडी गेली तरी तो उठला नाही, आणि मीही त्याला ऊठ म्हटलं नाही.