जबाबदार व्यक्तीचं नाव

चूक सर्वस्वी माझी होती. शोरूमच्या मागच्या आवारात दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही कोऱ्या, दोन्हींच्या सीटवर अजून प्लॅस्टिक. त्यांतली एक माझी. कागद करणाऱ्या बाईंचा त्या दिवशी गुडघा दुखत होता, आणि मला तर मदतीची भारी हौस. "तुम्ही बसा हो, चॅसी नंबर मी वाचतो," म्हणत मी ओणवा झालो, टॉर्च मारला आणि सतरा अक्षरं-आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले. शेजारच्या गाडीचे.

या बाईंना शोरूममध्ये सगळे फाईलताई म्हणतात. एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच. नव्या गाडीचे कागद जुळवायचे, फाईल काखोटीला मारून नोंदणी कचेरीत जायचं, खिडकीपाशी उभं राहायचं आणि नंबर घेऊन परत यायचं. बांधा किरकोळ, चाल मात्र भरधाव. फाईलच्या प्रत्येक पानाला त्या दोनदा हात लावतात. एकदा डोळ्यांनी वाचताना आणि एकदा, पान जागच्या जागी आहे ना, म्हणून.

त्या दिवशी मीही सोबत गेलो होतो. खिडकीतल्या साहेबांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला. मेकॅनिकने माझ्या गाडीवरून पेन्सिलने कागदावर उमटवून घेतलेला नंबराचा ठसा त्यांनी अर्जाशेजारी धरला आणि फाईल जाळीखालून परत सरकवली.

"ताई, अर्जात एक गाडी, ठशात दुसरी. ह्यांना दोन घ्यायच्यात का?"

मी फिदीफिदी हसलो. ताई हसल्या नाहीत. त्या बाकावर बसल्या आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला लागल्या. ते काही उघडेना.

"अहो, दुरुस्त होईल की! त्यांनी पकडलं ना?"

"तेच तर. त्यांनी पकडलं." त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "या माणसाला एकोणीस वर्षं मी मनातल्या मनात शिव्या घातल्यात, सर."

तेव्हा कुठे मला येऊ घातलेल्या कायद्याची आठवण झाली. विधेयक सभागृहात आलं होतं. ते मंजूर झालं की गाडी विकणाऱ्यानेच शोरूममध्ये बसून ऑनलाईन नोंदणी करायची. कचेरी नाही, रांग नाही, खिडकी नाही. बातमी वाचून मी घरी टाळी वाजवली होती.

साहेबही जाळीतून म्हणाले, "कायदा झाला की सुटलात, ताई."

"सुटाल तुम्ही. मी अडकले."

कशा अडकल्या, ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त अर्जावर सही करायला शोरूममध्ये गेलो तेव्हा कळलं. शोरूमच्या मालकांनी ताईंच्या टेबलावर एक फॉर्म ठेवला होता. नव्या कायद्याची तयारी म्हणून खात्याने प्रत्येक शोरूमकडून नोंदी करणाऱ्या एका व्यक्तीचं नाव मागवलं होतं. खाली बारीक अक्षरांत ओळ होती : नोंदीतील चुकीस सदर व्यक्ती जबाबदार राहील. ताईंनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. इतकी दाबून, की कागद फाटायच्या बेतात आला होता.

मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "जरा समजवा त्यांना. संध्याकाळपर्यंत नाव पाठवायचंय. तुमच्या त्या घोळानंतर त्यांना तुमची कीव येते, तुमचं ऐकतील."

"त्यांच्या जोडीला तपासायला दुसरं कुणी दिलं तर?"

"दुसरं माणूस ठेवायचं तर ऑनलाईनचा उपयोग काय? आणि त्या नाही म्हणाल्या, तर फाईलचं काम तरी कुठे उरतंय मला त्यांना द्यायला?" मालक वाईट माणूस नव्हे, हे बोलताना ते माझ्याकडे न बघता गाडीच्या आरशाकडे बघत होते.

मी ताईंसमोर खुर्ची ओढली. संगणकावर सरावाची नोंद उघडली होती. खोटी गाडी, खोटा मालक, कुठे काही जाणार नव्हतं. सगळे रकाने भरलेले होते. फक्त 'सादर करा' दाबायचं राहिलं होतं. ताईंनी माउस रुमालाने पुसला, हात ठेवला, उचलला, पुन्हा पुसला.

"आई म्हणते, तुला झालंय तरी काय? कुलूप ओढून बघायला मी आता तीनदा जिना चढते."

"भीती कसली वाटते नक्की?"

"एक आकडा चुकेल. कुणालाच कळणार नाही. वर्षभर गाडी छान चालेल. मग कधीतरी अपघात होईल, एखाद्या बाईचा नवरा हॉस्पिटलात असेल, आणि विमावाले तिला सांगतील, ही गाडी तुमची नाहीच. ती बाई विचारेल, हे लिहिलं कुणी?" त्यांनी फॉर्मवरच्या रेघेवर बोट ठेवलं. "माझं नाव निघेल. आणि तिला सांगायला माझ्याकडे काही नसेल."

वातावरण हलकं करायचा मला रोगच आहे. "एवढंच ना? हे घ्या!" म्हणत मी हात लांब करून बटण दाबून टाकलं. ताई चटका बसल्यासारख्या मागे सरकल्या. पडद्यावर टपोरी हिरवी खूण उमटली : नोंद यशस्वी.

"बघा! झालं की नाही बरोबर?"

"त्यात मी मुद्दाम चुकीचा नंबर घातला होता," ताई म्हणाल्या. "बघत होते, परत करतंय का."

मी त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिलो. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं, पण त्या वेळी एक विनोद सुचला असेल तर शपथ. बाहेर कुणीतरी नवी गाडी चालवत फाटकाबाहेर नेत होतं, आणि मालक काचेतून घड्याळाकडे बोट दाखवत होते.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पण तुमच्या हातून चूक व्हायची नाही, ताई. माझी अगदी शंभर टक्के खात्री आहे."

ताईंनी फॉर्म माझ्याकडे फिरवला, त्यावर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "मग तुमचं नाव लिहा."