अध्यक्षस्थानी मानसिंगराव

देवासच्या तुळजाई फुटबॉल क्लबाचे अध्यक्ष मानसिंगराव निंबाळकर यांना वारून नऊ वर्षे झाली होती, पण त्यांनी एकही बैठक चुकवली नव्हती. सेक्रेटरी मार्तंडराव जगदाळे यांच्या वहीत तसे लिहिलेले होते, आणि मार्तंडराव खोटे लिहिणाऱ्यांतले नव्हते.

त्याचे असे झाले. मानसिंगराव गेले त्यानंतर पंधरा दिवसांनी बैठक भरली. नवा अध्यक्ष निवडा, असे म्हणायला कोणाची जीभ रेटेना. मग कुणीतरी त्यांचा फोटो आणून खुर्चीत ठेवला. समोर चहा ठेवला, बिनसाखरेचा, कारण त्यांना डायबिटीस होता. मार्तंडरावांनी वही उघडली आणि जुन्या सवयीने लिहिले, ‘श्री. मानसिंगराव यांनी अध्यक्षस्थान भूषविले.’ पुढच्या बैठकीलाही तेच. एकदा जर्सीच्या रंगावर सात-सात मते पडली. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने फोटो पालथा पडला. अध्यक्षांनी पिवळ्याच्या विरोधात मत दिले, असे सगळ्यांनी मान्य केले. क्लब आजही निळ्यात खेळतो.

वही मराठीत होती. शहरात मराठा संस्थानिकांच्या दोन गाद्या होत्या तेव्हापासूनचा हा रिवाज, आणि हिंदी शाळांत शिकलेल्या चाळिशीखालच्या एकाही सभासदाला ती धड वाचता येत नव्हती. त्यामुळे तिच्यात काय लिहिले आहे याची उठाठेव कोणी केली नाही.

तरुणपणी मानसिंगराव गोलकीपर आणि मार्तंडराव त्यांच्यापुढचे फुलबॅक. अकरा वर्षे मार्तंडरावांनी पाठीमागून एकच आरडाओरडा ऐकला होता, ‘मार्त्या, डावं बघ!’ कारखान्यात फिटर म्हणून छत्तीस वर्षे काढली तिथेही ते आधी डावीकडेच बघत. त्यांच्या पत्नी नलिनीताई म्हणत, ‘‘लग्न माझ्याशी झालं, पण ऐकतात त्या निंबाळकरांचंच.’’

क्लबाची परिस्थिती वर्षानुवर्षे नाजूकच होती. बसभाडे थकलेले, मैदानाचे भाडे थकलेले. मालक कोण, तर अकरा-अकरा रुपये देऊन आजीव सभासद झालेले दोनशे चौदा लोक, ज्यांतल्या निम्म्यांचा जीव आता नव्हता. अशात इंदूरच्या एका कोचिंग क्लासवाल्या शेठांनी क्लब विकत मागितला. सगळी उधारी ते फेडणार, खेळाडूंना पगार देणार. नाव मात्र बदलणार आणि टीम इंदूरला नेणार.

देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी पोह्यांच्या गाड्यावर यावर रोज सकाळी खडाजंगी सुरू झाली.

‘‘काका, बिकू द्या ना,’’ गोलू म्हणाला. गोलू पवार पस्तिशीचा, मोबाइलच्या दुकानाचा मालक, क्लबाची एकही मॅच न चुकवणारा. ‘‘मुलांना तनखा मिळेल. अपन काय देतो त्यांना? केळी!’’

‘‘दोन-दोन देतो,’’ मार्तंडराव म्हणाले.

‘‘आणि जीतली तर?’’

‘‘तर जलेबी.’’

टीम इंदूरला गेली तर रविवारी चार वाजता आपण जायचे कुठे, हे मार्तंडरावांना कळत नव्हते. हे त्यांनी गाड्यावर कुणाला सांगितले नाही. तिथे आकड्यांचे बोलणे चालू होते.

ठराव मतास आला. आठ विरुद्ध सहा मतांनी विक्री मंजूर झाली. मार्तंडराव सहांतले. तरी त्यांनी ठराव सुवाच्य अक्षरात लिहिला, अध्यक्षस्थानी अर्थातच मानसिंगराव.

आठवड्याने शेठांचे वकील कागद घेऊन आले. ते मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी वही अथपासून इतिपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

‘‘इथे अध्यक्षांची सही लागेल. कुठे असतात ते?’’

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिले. वकिलांनीही पाहिले. हार थोडा सुकला होता.

‘‘नऊ वर्षांत चौतीस बैठका?’’ वकिलांनी विचारले. ‘‘यांच्या अध्यक्षतेखाली?’’

‘‘एकही चुकली नाही,’’ मार्तंडराव म्हणाले.

वकिलांनी ठराव रद्दबातल आहे असे सांगून पुढची बस पकडली. शेठ कंटाळले आणि महिन्याभरात त्यांनी कबड्डीची टीम घेतली. गावभर बोलबाला झाला की मार्तंडरावांनी शेठांना कात्रजचा घाट दाखवला. गाड्यावाल्याने त्यांचे पोह्यांचे पैसे घेतले नाहीत. गोलूनेसुद्धा पाया पडून म्हटले, ‘‘मान गए काका, नऊ साल पहिलेच सोचून ठेवलं होतं!’’ मार्तंडरावांनी काहीच सोचून ठेवले नव्हते. मानसिंगराव गेले हे त्यांच्याने लिहवलेच नव्हते, इतकेच.

मग संस्था-नोंदणीच्या कचेरीतून पत्र आले. कुणाची तरी तक्रार गेली होती. हयात पदाधिकाऱ्यांची यादी पंधरा दिवसांत द्या, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की मैदानही गेले.

चौदाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मैदानालगतच्या खोलीत बैठक भरली. अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी एकमुखाने मार्तंडरावांचे नाव घेतले. पण त्याआधी वहीत एक ओळ लिहिणे भाग होते, आणि वही मार्तंडरावांशिवाय कोणी लिहीत नसे. त्यांनी तारीख घातली. पेन उचलला, ठेवला. बाहेर मुले वॉर्मअप करत होती.

‘‘मी लिहू का, काका?’’ गोलूने हळूच विचारले. ‘‘हिंदीत लिहितो.’’

‘‘नको,’’ मार्तंडराव म्हणाले. ‘‘त्यांना मराठीच आवडायची.’’

आणि त्यांनी लिहिले, ‘क्लबाचे अध्यक्ष श्री. मानसिंगराव निंबाळकर यांस देवाज्ञा झाली. सभेस अत्यंत दुःख होत आहे.’ एवढे लिहायला त्यांना वीस मिनिटे लागली. खुर्चीतला फोटो त्यांनी स्वतः उचलून भिंतीवर लावला. समोरचा चहा कुणी घेईना, म्हणून तो त्यांनीच प्यायला.

नऊ वर्षांपूर्वी श्रद्धांजली राहूनच गेली होती. अध्यक्ष खुर्चीत असताना ती वाहणार कशी? म्हणून मॅचआधी दोन्ही टीम मध्यरेषेवर उभ्या राहिल्या. काठावरचे क्रिकेटवाले थांबले, शेंगदाणेवाला थांबला. क्लबाच्या पाठीराख्यांना दोन मिनिटे सलग गप्प बसलेले देवासने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मार्तंडराव मान खाली घालून उभे होते. पाठीमागे गोल रिकामा होता, आणि तिथून कोणी काही ओरडले नाही. त्यांचे डोळे वाहू लागले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

रेफरी मनावर गावचा होता, नवा. शिट्टी तोंडाशी नेण्याआधी त्याने अदबीने विचारले, ‘‘कब गुजरे, दादा?’’

मार्तंडरावांनी आधी डावीकडे पाहिले.

‘‘आज ही,’’ ते म्हणाले.