हाइलची थंडी आणि बाजेखालचे निखारे

माझी धाकटी बहीण रेश्मा डिसेंबरात सौदी अरेबियातल्या हाइलला बाळंत झाली. मुलगी झाल्याचा फोन आला आणि आई लगेच म्हणाली, "गाडी काढ." या बाळंतपणासाठीच ती व्हिजिट व्हिसावर गुहागरजवळच्या आमच्या गावाहून आली होती आणि बुरैदाला माझ्याकडे थांबली होती. मी इथे एका रुग्णालयात नर्स आहे. चार दिवसांची सुट्टी मिळवायला हेड नर्सची किती मनधरणी केली, ते सांगत बसत नाही.

बुरैदा ते हाइल रस्ता सरळसोट आहे, तीन तासांत पोचता. जाणार असाल तर उजेडात निघा, कारण उंट रस्त्यावर येतात आणि हॉर्नला अजिबात दाद देत नाहीत. मध्ये पंपावर कडक दुधाचा चहा मिळतो, तो जरूर घ्या. आईने दोन स्वेटर, कानटोपी, मोजे आणि त्यावर चपला असा वेष केला होता. मी हसले तर म्हणाली, "हस. थंडी बाधली की माझ्याच उशाशी येऊन बसशील."

रेश्माचा नवरा सचिन शहराबाहेरच्या एका शेतावर पंपांचा मेकॅनिक आहे. शेताच्या मालकानेच दिलेलं दोन खोल्यांचं सिमेंटचं घर. हाइलची थंडी आम्हा कोकण्यांच्या कल्पनेबाहेरची आहे. सकाळी बाहेरच्या बादलीत बर्फाची पापडी धरलेली असते आणि भिंतीला हात लावला तर झोंबतो. घरात एक लोखंडी भट्टी होती, आपल्याकडच्या आंघोळीच्या बंबाचा थोराड भाऊच म्हणा. तिचं धुराडं छतातून बाहेर गेलेलं.

ती पेटवायची कशी, हे पहिल्या संध्याकाळी मालक अबू सालेह यांनी शिकवलं. वय सत्तरीचं, आयुष्यभर हिंदुस्तानी-पाकिस्तानी कामगारांत वावरल्यामुळे हिंदी ठाकठीक. दोन लाकडं एकमेकांवर आपटून त्यांनी आवाज ऐकवला. खणखणीत वाजलं तर सुकं, बद्द वाजलं तर ओलं, परत करायचं. धुराड्याची झडप आधी पूर्ण उघडायची. तळाला बोटभर राख ठेवायची, मग पुठ्ठा, काटक्या आणि शेवटी ओंडका. "पहले छोटा, बाद में बड़ा. जल्दी नहीं," ते म्हणाले. मी घाई केली आणि खोलीभर धूर केला. दुसऱ्यांदा जमलं तेव्हा दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला मला. जाताना त्यांनी खिडकीकडे चार बोटं दाखवली. "शुबाक इतना खुला. हमेशा."

लाकूड हमरस्त्याच्या कडेला पिकअपवाल्यांकडे मिळतं. इथली झाडं तोडायला बंदी आहे, त्यामुळे बाहेरून आलेलंच घ्या आणि घासाघीस करा, त्यांना ती आवडते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने रेश्माला आणि बाळाला तेल लावलं, कडकडीत पाण्याने न्हाऊ घातलं. मग तिने सचिनचं सिमेंट कालवायचं घमेलं मागितलं. भट्टीतले निखारे त्यात ओढले, वर ओवा आणि वावडिंग टाकलं आणि घमेलं रेश्माच्या पलंगाखाली सरकवलं. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी. आमच्या दोघींच्या वेळी आजीनेही हेच केलं होतं. आमच्या गावच्या घरात वर कौलं, त्यांच्या फटींतून धूर आणि वारा दोन्ही जायचे. इथे वर सिमेंटचा स्लॅब.

"आई, धूर होईल ना," मी म्हणाले.

"निखाऱ्यांना कुठला गो धूर? बघ, कसे लालबुंद आहेत."

मी अतिदक्षता विभागात काम करते. निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, हे मला पाठ आहे. तरी बाळाच्या ओल्या टाळूवर वारा येतोय म्हणून मी चार बोटं उघडी खिडकी बंद केली. बाहेर येऊन दाराखाली टॉवेल दाबला. मग सचिनबरोबर लाकूड आणायला गेले.

तासाभराने परतलो तेव्हा आई स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळत होती. "निजल्यात दोघी, उठवू नकोस," ती म्हणाली. मी दार लोटलं. रेश्माच्या उशीवर उलटी होती. बाळाचे गाल गुलाबी होते, आणि हा रंग त्या वायूचा, हे मला पाहताक्षणी कळलं. बाळाला उचललं तर मान चिंधीसारखी पडली. आम्ही दोघींना अंगणात ओढलं, मी बाळाला तोंडाने श्वास देत राहिले आणि सचिनने गाडी हाणली.

ऑक्सिजनवर रेश्मा दुपारी बोलायला लागली. बाळ काचेच्या पेटीत होतं. सचिन आईसमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "आई, काय केलंत हे?"

"चुकलं माझं," आई म्हणाली. मी तिच्या शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही. आजवर मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

बारसं झालं नाही. बुरैदाला परतल्यावर आई त्याच आठवड्यात भारतात गेली. हाइलहून निघताना बाळाला हात लावायला तयार झाली नव्हती.

याला दोन महिने झाले. बाळ दूध पितं, पण आवाजाकडे वळत नाही. डॉक्टर म्हणतात, आताच काही सांगता येणार नाही. गावात शेजारणी नातीचे फोटो मागतात, तर आई विषय बदलते.

गेल्या शुक्रवारी मी तिला फोन केला आणि सांगितलं, "आई, खिडकी मी बंद केली होती."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर निजलेल्यांना बघायला आत डोकावले होते मी. दाराखालचा टॉवेल नीट बसवून आले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला त्या घरी परत जायचंय. मला काय, मी इथेच."

अशा घरात राहणार असाल तर या वायूचा इशारा देणारा अलार्म घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. निखारे भट्टीच्या बाहेर काढू नका, घरातलं कोणीही सांगो. हा मजकूर तुमच्याआधी मी सचिनला पाठवला होता. त्याने वाचलाय असं दिसतंय. अजून त्याचा फोन आलेला नाही.