माझ्या नावावरचा वेग

मला गाडी चालवायला मामांनी शिकवलं, आणि फार चांगलं शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात त्यांची ही बाजू झाकली जाईल.

बेळगावात बी.एस्सी. झाल्यावर मला बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी लागली. एकटी मुलगी राहणार कुठे, म्हणून वडिलांनी मला मामांकडे पाठवलं. मामा सरकारी कारखान्यात मोठे इंजिनिअर होते. बसवनगुडीत, गांधी बाजारापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर त्यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं. मामी धारवाडकडची, तिच्या मराठीत अर्धं कानडी. मामांचे सगळे लाडकोड त्यांच्या करड्या मॉरिस गाडीवर चालायचे. रविवारी सकाळी ते स्वतः गाडी पुसायचे, आणि मामीने त्या फडक्याला हात लावलेला त्यांना चालत नसे.

त्याच गाडीचं स्टिअरिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे ही. गाडी चालवणाऱ्या बायका शहरात होत्या, पण त्या बहुतेक छावणीच्या बाजूच्या, इंग्रजी बोलणाऱ्या. आमच्या गल्लीत मी पहिलीच. आज जिथे जे. पी. नगर आहे, तिथे तेव्हा रागीची, म्हणजे आपल्या नाचणीची, शेतं होती आणि मधून एक सडक जायची. मामा मला तिथे न्यायचे. क्लच कसा सोडायचा, वळणाच्या आधी गिअर कसा उतरवायचा, आरशात बघायची सवय कशी लावायची, हे त्यांनी एकदाही आवाज न चढवता शिकवलं. परीक्षा पास होऊन मला लायसन्स मिळालं त्या दिवशी त्यांनी वाटेत थांबून म्हैसूरपाक घेतला आणि शेजारी वाटला.

आमचं एकाच गोष्टीवर पटत नसे. मी हळू चालवायची, आणि मामा स्वतः चालवायला बसले की गाडी पळवायचे. तीस मैलांची हद्द असेल तिथे पन्नासने जायचे.

"वेगाने कोणी मरत नाही," ते म्हणायचे. "मरतात ते बेसावधपणाने. हळू चालवणारा माणूस विचार करत बसतो. जोरात चालवणाऱ्याचं सगळं लक्ष रस्त्यावर असतं."

मी फिजिक्स शिकलेली. मी म्हणायची, "मामा, वेग दुप्पट केला की गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. लक्ष असलं तरी."

"तुझं गणित बरोबर आहे. पण गणितात ड्रायव्हर नसतो."

आणि ड्रायव्हर म्हणून ते खरोखर उत्तम होते. एकदा कनकपुऱ्याच्या रस्त्यावर शेतकऱ्यांनी रागीची कणसं काडासकट डांबरावर पसरली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली आयती मळणी होते म्हणून तिकडे तसं करतात. वळणापलीकडे ते पसरलेलं आहे हे आम्हाला दिसलंच नाही. काडावरून गाडी बाजूला सरकायला लागली. मामांनी ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग किंचित सैल धरलं, पुन्हा घट्ट केलं आणि गाडी सरळ बाहेर काढली. मागे वळून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी सूप छातीशी धरून उभी होती.

"पाहिलंस?" मामा म्हणाले. "ब्रेक मारला असता तर आपण शेतात असतो."

मी पाहिलं होतं. हळू आलो असतो तर हे कौशल्य लागलंच नसतं, हेही माझ्या मनात आलं. पण त्यांचा चेहरा इतका खुललेला होता की मी नुसती मान डोलावली. त्या काळी मला ते जगातले सगळ्यात सरळ गृहस्थ वाटायचे. दुकानदाराने चुकून जास्त माल दिला तर परत करायला जाणारे.

त्या वर्षात वेगासाठी त्यांना आधी दोनदा दंड झाला होता. दुसऱ्या वेळी मॅजिस्ट्रेटने बजावलं होतं की पुन्हा आलात तर लायसन्स काही महिने काढून घेऊ. घरी येऊन मामांनी तो किस्सा हसत सांगितला होता. आम्हीही हसलो होतो.

मग एका रविवारी मल्लेश्वरमला नात्यात बारसं होतं. निघायला उशीर झाला. मामा चालवत होते, मी त्यांच्या डाव्या बाजूला, मामी मागे मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. रेसकोर्सच्या पुढे झाडांच्या सावलीतला सरळ रस्ता लागला आणि मामांनी गाडी सुसाट सोडली. पोलीस त्या काळी दोघे मिळून वेग पकडायचे. एक जण अलीकडे उभा राहून गाडी येताच हात वर करायचा, दुसरा त्याच बाजूला मोजलेल्या अंतरावर पुढे घड्याळ घेऊन बसलेला असायचा. अलीकडच्याचा हात मला दिसला. पुढचा शिट्टी वाजवत रस्त्यात आला. मामांनी गाडी त्याच्या बाजूने काढून घेतली.

"मामा, थांबायला सांगतोय तो."

"आपल्याला नसेल," ते म्हणाले. बारशात त्यांनी दोनदा बासुंदी मागून घेतली.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी एक सब-इन्स्पेक्टर घरी आला. मामांनी त्याला व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसवलं, मामीने कॉफी केली. मी नुकतीच कामावरून आले होते, कॉफीचा ट्रे मीच बाहेर नेला. बोलणं कानडीत चाललं होतं, पण बेळगावात वाढल्यामुळे मला सगळं समजत होतं. गाडीचा नंबर टिपला होता. गाडी तुमचीच ना, असं विचारल्यावर मामा हो म्हणाले. त्या वेळी चालवत कोण होतं?

मामांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी भाची. ही."

मला आधी वाटलं, माझी ओळख करून देताहेत.

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. "पण आमचा शिपाई म्हणतो, पुढे गृहस्थ बसले होते."

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "मी डाव्या बाजूला होतो. तुमची माणसंही डावीकडे उभी होती. त्यांना मीच आधी दिसणार."

इतकं नेटकं उत्तर होतं ते. ऐन वेळी सुचलेलं नव्हतं, हे मला तिथेच कळलं. तीन-चार दिवस ते माझ्याबरोबर जेवत होते, वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून दाखवत होते, आणि हे वाक्य त्यांच्याजवळ तयार होतं. मामी दाराच्या चौकटीत उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती मागच्या सीटवर होती, तिने सगळं पाहिलेलं होतं. तिने पदर नीट केला आणि आत गेली.

इन्स्पेक्टरने माझं नाव लिहून घेतलं. मी सांगितलं. दुसरं काही सांगता येईल असं त्या क्षणी मला वाटलंच नाही. मोठ्या माणसाला परक्यासमोर खोटं पाडायचं नसतं, एवढं एकच त्या वेळी अंगात होतं.

तो गेल्यावर मामा मला समजावत बसले. त्यांना आता तिसरी वेळ. लायसन्स गेलं तर कारखान्यात बोभाटा, आणि वरची जागा रिकामी होणार होती. "तुझा पहिलाच गुन्हा. समज देऊन सोडतील. तुला काय फरक पडतो?"

"मी चालवत नव्हते, मामा."

"ते मला माहीत आहे गं," ते इतक्या मायेने म्हणाले की मला रडू आलं.

कोर्टात जायच्या आदल्या संध्याकाळी मामी माझ्या खोलीत आली. "स्वल्प सांभाळून घे," ती म्हणाली. "त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. आपलंच घर आहे ना?" मी तिला विचारलं, "मामी, तुम्ही मागे बसला होतात. तुम्हाला काहीच वाटत नाही?" तिने माझ्या अंथरुणावरची चादर सारखी केली. "सरी, बरं, झोप आता," एवढंच बोलली.

मॅजिस्ट्रेटपुढे मी गुन्हा कबूल केला. मामा मागच्या बाकावर बसले होते. साहेबांनी दंड केला आणि वर चार शब्दही सुनावले. शिकलेल्या मुलीने जबाबदारीने वागावं, गाडी म्हणजे झोपाळा नव्हे. कारकुनाने माझ्या नव्या लायसन्सवर शेरा मारला. बाहेर आल्यावर मामांनी मला डोसा खायला नेलं. मी खाल्ला. पण त्यांनी गाडीची किल्ली पुढे केली तेव्हा मी घेतली नाही, आणि त्यांनीही आग्रह केला नाही.

इथवर मी कदाचित विसरले असते. घरासाठी माणसं याहून मोठं खोटं बोलतात, असं मी स्वतःला समजावलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी कारखान्याचा एक कामगार सायकलवरून घरी जाताना लॉरीखाली सापडून गेला. कामगारांत फार हळहळ झाली, आणि व्यवस्थापनाने रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा कार्यक्रम ठेवला. मुख्य वक्ते मामा, कारण वरची जागा आता त्यांना मिळाली होती. मामी आणि मी पुढच्या रांगेत. मागे शेकडो कामगार, त्यांच्या बायका, मुलं.

मामा सुंदर बोलले. थांबायला चौपट अंतर लागतं, हे माझं गणित त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं. वेगाचा माज माणसाला आंधळा करतो, म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसऱ्याचं कशाला सांगू? माझ्या स्वतःच्या घरात हे घडलं. माझी भाची, हुशार मुलगी, मीच तिला शिकवलं. एका रविवारी तिने गाडी अशी पळवली की पोलिसांनी शिट्टी मारली तरी तिला भान नव्हतं. मी शेजारी बसलो होतो. मी तिला पाठीशी घातलं नाही. कोर्टात नेलं आणि गुन्हा कबूल करायला लावला. आज ती इथे बसली आहे, आणि मला तिचा अभिमान आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मामांचे डोळे पाणावले होते, आणि ते नाटक नव्हतं. मी त्यांना ओळखत होते. पोलिसांना खोटं सांगताना त्यांना निदान कॉफीच्या कपाकडे बघावं लागलं होतं. आता ते सरळ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मनात त्या रविवारी गाडी मीच चालवली होती.

चहाच्या वेळी एका अधिकाऱ्याच्या बायकोने माझा हात थोपटला. "हळू चालवत जा गं, बाळ." मी "हो" म्हटलं.

घरी परतताना मी मागे बसले. अर्ध्या रस्त्यात मी विचारलं, "मामा, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

त्यांनी गिअर बदलला. "आता तो विषय कशाला?" ते म्हणाले. "चांगल्या कामासाठी सांगितलं. त्यातून एखाद्याचा जीव वाचेल."

"तुमचं नाव घेऊन सांगितलं असतं तरी वाचला असता."

मामी खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या महिन्यात मी नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात राहायला गेले. वडिलांना प्रयोगशाळा जवळ पडते असं कळवलं. मामांनी सामान पोचवायला गाडी काढली होती, पण मी टांगा केला. ते फाटकाशी उभे राहिले. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा होता. आपण हिचं एवढं केलं आणि ही अशी निघाली, असं त्यांना वाटत असणार. त्यांनी तसं नात्यात बोलूनही दाखवलं, ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं.

मामांनी पुढे म्हातारपणापर्यंत गाडी चालवली, तशीच जोरात, आणि त्यांच्या हातून कधी कोणाला ओरखडाही आला नाही. नात्यातले लोक अजून त्याचा दाखला देतात, की बघा, वेगात काही धोका नसतो. मी वाद घालत नाही. हात चांगला आणि नशीब चांगलं यातला फरक बाहेरून दिसत नाही, एवढं मला कळतं. मामी मात्र वसतिगृहावर महिन्यातून एकदा यायची, बसने, एकटी. चकल्या आणायची, माझी कपडे वाळत घालायची दोरी घट्ट बांधून द्यायची, बेळगावची खबर सांगायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज ती त्या रविवारबद्दल बोलेल. एकच वाक्य हवं होतं मला, तेही दार लावून, दोघींतच. ती वारली तोवर ते तिने म्हटलं नाही.