बाजाराला चिकटलेलं स्टँड

भोरच्या स्टँडसमोर एका पोराचं झेरॉक्सचं दुकान आहे. हिर्डोशीची गाडी लागेपर्यंत मी तिथंच टेकते. हात झेरॉक्सच्या मशीनवर आणि डोळे कॉम्प्युटरवर, असं त्याचं काम. तिथल्या गेममध्ये तो आख्खं शहर वसवतो. गिऱ्हाइकाशी बोलतोही नगराध्यक्षासारखा, "बघू, करू, हळूहळू होईल."

पण त्या दिवशी त्याचं शहर पार तुंबलं होतं. रस्ते रुंद केले, पूल बांधला, तरी चौकात गाड्यांची ही रांग. माणसं कंटाळून शहर सोडून चाललेली. बिचाऱ्याचा डबा तसाच पडलेला.

मी विचारलं, "आरं, तुझं स्टँड कुठंय?"

"गावाबाहेर, मावशी. बाजारात गर्दी नको म्हणून."

"मग बाजाराचं ओझं घेऊन तितवर चालंल कोण? ज्याला जमंल तो आपली स्वतःची गाडीच काढणार की."

तो हसला नाही. माझी भरलेली पिशवी खांद्यावर टाकली आणि भर उन्हात गावाच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. घामानं निथळतच बसला, हौसेनं बांधलेला पूल पाडला आणि स्टँड आणून बाजाराला चिकटवलं.

मग काय सांगू, चौकातली रांग सुटायला लागली. बसमधून मुंगीएवढी माणसं उतरून बाजाराकडं निघाली. आम्ही दोघं खुर्चीच्या टोकावर.

"यातली मी कुठली रं?"

त्यानं थांब्यावर एकटीच उभी असलेली बाई दाखवली.

"ही. हिची हिर्डोशीची गाडी आत्ताच गेली."

मी बाहेर बघितलं. खरंच गेली होती.