बोराटीखाली कोण कोण आलंय

"बोराटीखाली कोण कोण आलंय, बघून ये," असं आक्का दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली, तेव्हा शेजारच्या बाईंना वाटलं, बिचारीला भ्रम झालाय. मला हसू आलं. 'कोण कोण' म्हणजे रोपं, हे आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. तीच आमची शेवटची भेट... त्याच आठवड्यात भाच्याचा, सिद्धार्थचा, फोन आला. "मामा, आई गेली."

आक्का माझी थोरली बहीण, तुळजापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. वाटणीत तिनं तामलवाडीचा मुरमाड माळ हौसेनं मागून घेतला, तेव्हा आम्ही भावांनी तिची यथेच्छ थट्टा केली. तिनं तो कधी नांगरला नाही. रविवारी गेलं की खोपटातलं गोणपाट काढायचं, बोराटीच्या काटेरी झुडपाशी अंथरून गुडघे टेकायचे आणि त्या काट्यांच्या आडोशानं शेळ्यांच्या तोंडून वाचलेली रोपं बघायची, हा तिचा शिरस्ता. उभ्यानं माळ पाहिलेला तिला खपत नसे. एका दुष्काळी साली बोराटी आणि तरवड सोडून काहीच दिसेना. मी म्हणालो, "आक्का, मेलं की सगळं."

"मेलं न्हाय रं, दडून बसलंय."

पुढच्या साली पावसानं झोडपलं. मला वाटलं, आता फुलंच फुलं. तर कुसळीच्या गवतानं सगळा माळ गिळला आणि इवल्या निळ्या विष्णुकांतेला ऊनच मिळेना. सगळ्यात जास्त जाती दिसल्या त्या बेताच्या, उघडझाप करत पडलेल्या पावसाच्या साली. "पाऊस किती पडला ते सगळेच इचारतेत," ती म्हणायची, "कसा पडला ते कुणी इचारत न्हाय." अलीकडे मात्र पाऊस एका दमात कोसळून गायब व्हायला लागला. अमकी यंदा दिसली नाही, तमकी तर गेल्या सालापासून... दूरच्या नातेवाइकांची काळजी करावी तशी ती बोलायची.

राख घेऊन माळावर गेलो, तर आमच्या थोरल्या भावानं, दादानं, पिंपळाचं रोप आणून खड्डा खणायला घेतला होता. राखेवर झाड लावायचं ही आता आमच्याकडची रीत. त्यातून बोधिवृक्ष, आम्हा बौद्धांच्या घरात त्याला नको कोण म्हणणार? "बोडक्या माळाला सावली व्हईल, तिचं नाव ऱ्हाईल," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरलेले. सिद्धार्थनं त्याच्या हातातलं खोरं धरलं. "थोरले मामा, सावली पडली की आईचा निम्मा माळ जाईल. ह्या रोपांना उघडं ऊनच लागतं." खड्डा बुजवला. रोप विहाराच्या अंगणात लागलं, राख बोराटीच्या बुडाशी गेली. दादा परतीच्या वाटेवर एकटाच पुढं चालत राहिला.

परवाच्या रविवारी एकटाच गेलो. गोणपाट खोपटातल्या खुंटीलाच होतं. अंथरून कुरकुरत गुडघे टेकले. पावसानं पुन्हा ओढ दिलीय. बोराटीखाली नुसता कोरडा मुरूम, राखही वाऱ्यानं नेलेली. दडून बसलंय, असं मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. माळाचं ते खरं असेल. तू मात्र गेलीसच, आक्का... तिथंच बसून पोटभर रडलो. मग गोणपाट झटकलं. घरी न्यावंसं फार वाटलं, पण पुन्हा त्याच खुंटीला अडकवलं. कोण कोण आलंय ते बघायला आता मलाच यायचं आहे.